गाळलेलं कडवं

सोलापूर,
९ फेब्रुवारी १९७४

रुद्राणी,

आशीर्वाद लिहिले तर तू कागद फाडशील, आणि नाही लिहिले तर वर बसलेली आपली आई, अव्वा, मला सोडायची नाही. म्हणून एकदाच लिहिते आणि पुढं जाते. सुखी राहा.

दहा वर्षांतलं हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांना उत्तर नाही, पण ती परतही आली नाहीत. म्हणजे अकलूजला तुझ्या घरात ती कुठंतरी आहेत असं मी धरून चालते. जावईबापूंनी बंबात घातली असतील तरी माझी तक्रार नाही. रेवणप्पा साखर कारखान्यातला माणूस, त्याला जाळायला काही कमी नसेल, पण मेव्हणीचं अक्षर जाळण्यात वेगळी मजा असते.

आज लिहायचं कारण असं. पुण्याहून रेडिओची माणसं आपल्या विडीच्या कारखान्यात येणार आहेत. कामकरी बायकांची गाणी त्यांना पाहिजेत. मुकादमानं त्यांना आधीच सांगून टाकलं, आमच्या बायका विड्या वळताना एक गाणं म्हणतात, ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. म्हणजे कोणतं ते तुला कळलंच.

‘गेला बाई गेला, वळण वलांडून गेला,
जीव माझा उंबऱ्यात तसाच उभा केला.’

आता शेडमध्ये निम्म्या पोरी नव्या आहेत. त्यांना सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. धृपद सगळ्यांनी म्हणायचं, कडवं एकीनं. जिचं दुःख तिनं स्वतः गायचं नाही, शेजारी बसलेलीनं गायचं. आणि जिच्यावर गायचं तिनं आधी मान हलवायची. तिची मान हलली नाही तर तोंड मिटून पान कापत बसायचं. मी हे शिकवते तेव्हा रंभाबाई माझ्याकडे बघते. ती नुसती बघते, आणि माझ्या हातातली विडी सैल होते.

घाबरू नकोस. तुझं कडवं रेडिओवर जाणार नाही. तुझं लग्न झालं त्याच आठवड्यात मी सगळ्यांना सिद्धेश्वराची शपथ घातली होती, की हे कडवं पुन्हा या शेडमध्ये कुणी म्हणायचं नाही. दहा वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. इतकी तरी मी तुझी अक्का आहे.

बाकी सगळं बरं. अप्पांच्या खोलीत आता मीच झोपते. मठातलंही सगळं पूर्वीसारखंच आहे. तू विचारणार नाहीस, तरी सांगितलं.

रत्नम्मा


सोलापूर,
३ मार्च १९७४

रुद्राणी,

रेडिओवाले येऊन गेले. एक बाई आणि दोन पुरुष होते, आणि लोखंडी पेटीएवढं टेपचं यंत्र. बाई तिशीच्या आतली असावी, नवं लुगडं नेसून आलेली. तंबाखूच्या धुरळ्यानं शिंकून शिंकून तिचं नाक लाल झालं तेव्हा आमच्या पोरी पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

आदल्या दिवशी रंभाबाईनं माझ्याशी भांडण काढलं. म्हणाली, “रत्ने, गाणं काय तुज्या बापाचं हाय व्हय? त्या पोरीचं कडवं गाळून गाणं म्हनायचं म्हंजी एक हात तोडून लुगडं नेसवल्यावानी हाय.” मी म्हटलं, माझ्या बहिणीचा संसार आहे, पोर आहे, रेडिओ अकलूजमध्येही लागतो. ती म्हणाली, “लई काळजी आली गं आता!” आणि पाठ फिरवून बसली.

गुलबानो तुझ्यामागून आली, तू तिला ओळखत नाहीस. तिचा नवरा ट्रकवर होता. टेंभुर्णीच्या फाट्यावर तिला चहाच्या टपरीशी बसवून ‘आलोच’ म्हणून गेला, त्याला सहा वर्षं झाली. तिच्यावरचं कडवं रंभाबाई म्हणते:

‘टेंभुर्णीच्या फाट्यावर गाडी उभी ऱ्हायली गं,
आलोच म्हणणाऱ्याची वाट किती पाहिली गं.’

हे टेप होत असताना ती पुण्याची बाई एकदम उठली आणि पानांच्या गोण्यांमागं गेली. आम्हाला वाटलं शिंक आली. परत आली तर डोळे सुजलेले. गुलबानो मला हळूच म्हणाली, “इसका बी कोई फाटा होयेंगा, अक्का.”

यंत्राला सहा कडवी हवी होती आणि तुझं गाळल्यावर पाच उरत होती. सहावं मी बसवलं, गावाला गेलेल्या भावावर. आपल्याला भाऊ नाही. पण कुणाला काय कळतंय, चांगलं झालं म्हणाले.

रुद्री, हे गाणं आता आपल्या शेडमध्ये राहिलेलंच नाही. मागच्या आठवड्यात सात रस्त्याच्या चौकात एक वरात अडली होती आणि बँडवाला लालसाब क्लॅरिनेटवर आपलं धृपद वाजवत होता. लग्नाच्या वरातीत! मी तिथंच त्याला झापलं. तो म्हणाला, “मी काय करू अक्का, नवरदेवाची आत्या मागती की.” आत्या रस्त्याच्या कडेला उभी होती. पन्नाशीची, अंगावर पाटल्या, तोडे, सगळं. पदरानं डोळे पुसत होती आणि त्याला हातानं खुणावत होती, अजून एकदा, अजून एकदा. मी तिथून निघाले ती घरापर्यंत कानांवर हात ठेवून चालले. लोक बघत होते.

कानांवर हात ठेवून उपयोग होत नाही. शेडमध्ये सगळ्या गप्प असतात, नुसता कात्र्यांचा आवाज असतो, आणि मला कुणीतरी गुणगुणतंय असं वाटतं. धृपद नाही, तुझं कडवं. तुझ्या जागेकडून येतं. भिंतीकडची तुझी जागा दहा वर्षं रिकामी आहे. नवी पोर आली की बसते आणि दोन दिवसांत आपोआप सरकते. रंभाबाई म्हणते तिथं ऊन येतं. तिथं ऊन येत नाही, मी दिवसभर लक्ष ठेवून बघितलं आहे.

मी ते कडवं म्हटलं त्या दिवशी माझी जीभ घसरली, रुद्री. गाण्याच्या भरात माणसाचं भान राहत नाही. एवढंच झालं. तुझी मान हलली आहे असं मला वाटलं होतं.

१४ एप्रिलला रविवारी दुपारी कार्यक्रम लागणार आहे. ऐकलंस तर बिनघोर ऐक.

रत्नम्मा


सोलापूर,
२१ मार्च १९७४

रुद्राणी,

मागच्या पत्रातलं तुझी मान हलल्याचं वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं आणि पोस्टासमोरच उभी राहिले, पण टाकलेलं पत्र परत देत नाहीत.

तुझी मान हलली नव्हती. मी बघितलंच नव्हतं. बघायचं नाही असं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं.

आता पहिल्यापासून लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

तिप्पण्णा मला टाकून हुबळीला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर राहिला, तेव्हा मी वीस वर्षांची होते. अप्पांच्या घरी परत आले. तू अकरा वर्षांची. अव्वा नव्हती. तुझी वेणी मी घातली, तुला शाळेत मी पोचवलं, तुझं पहिलं लुगडं मी नेसवलं. शेडमध्ये रंभाबाई माझ्या शेजारी बसायची. ते धृपद तिनं माझ्यावर बांधलेलं, हे तुलाही ठाऊक आहे. ते सुरू झालं की साठ बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. मला ते आवडायचं, रुद्री. नवरा गेला, पण एवढं तरी माझं होतं. त्या शेडमध्ये माझ्याएवढं कुणाचं दुःख मोठं नव्हतं.

मग तू कामाला यायला लागलीस. आणि त्या वर्षी तुझ्या तोंडावर काहीतरी आलं. विड्या वळताना तू खाली बघून हसायचीस.

मी तुझ्यावर पाळत ठेवली. दर सोमवारी मठातून चन्नवीर भिक्षेला यायचा. मठाचे पुढचे स्वामी म्हणून लहानपणीच त्याला त्याच्या आईबापांनी दिलेला, अप्पा तर त्या पोराच्या पाया पडायचे. तू त्याच्या झोळीत पीठ घालायचीस. एकदा मी दाराआडून पाहिलं. तू आधी गुळाचा खडा टाकलास आणि त्यावर पीठ ओतलंस, कुणाला दिसू नये म्हणून. त्यानं झोळी हातानं तोलली आणि हसला. त्याला पट्टाभिषेक नको होता, तुम्ही दोघं विजापूरला जाणार होतात, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त गूळ बघितला होता.

माझ्या झोळीत कुणी कधी काही घातलं नाही, हा विचार माझ्या मनात आला. दुसऱ्या दिवशी मी तुझं कडवं म्हटलं.

आणि हेही लिहिते. त्या दिवशी सुंदरम्मा आत्या शेडमध्ये आली होती, दाराशी मुकादमाशी बोलत उभी होती. मी तिला बघितलं होतं. बघूनच म्हटलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. आत्याकडून कळल्यावर अप्पांनी तुला हात लावला नाही, शिवी दिली नाही. ते सरळ अकलूजला गेले आणि अठराव्या दिवशी तुझं लग्न लागलं. चन्नवीरला कर्नाटकातल्या मोठ्या मठात धाडलं. दोन वर्षांनी तो परत आला तो स्वामी होऊन, नवं नाव घेऊन. जुनं नाव पुन्हा कुणी उच्चारायचं नसतं. अप्पा गेले तेव्हा तू आलीस, ओट्यावर उभी राहिलीस आणि माझ्या हातचं पाणीही न घेता परत गेलीस. मी म्हटलं, बरोबर आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. फेब्रुवारीत मी तुला लिहिलं की मठात सगळं पूर्वीसारखं आहे. ते खोटं होतं. स्वामी मार्गशीर्षात गेले, लिंगैक्य झाले. कावीळ झाली होती. मी समाधीला गेले होते. बसवलेलं शरीर मी पाहिलं, विभूती लावलेलं कपाळ पाहिलं. दगडावर त्यांचं स्वामी म्हणून घेतलेलं नाव कोरलंय आणि जन्म म्हणून पट्टाभिषेकाची तारीख. चन्नवीर नावाचा माणूस कुठंच नाही. तुला कळवायला पाहिजे होतं. लिहायला हात उचलला नाही.

अजून एक आहे. आजारात रंभाबाई मठात झाडलोट करायला जायची. एक दिवस त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, “रंभाबाई, तुमच्या शेडमधलं ते गुळाचं कडवं येतं का तुम्हाला?” तिनं मी घातलेली शपथ आठवली. म्हणाली, “न्हाई सामी, तसलं काय कडवंच न्हाई.” त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. रंभाबाईनं शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर माझ्या अंगावर भिजल्या पानांचं फडकं फेकून मारलं.

तरी मला वाटतं शपथ घातली ते बरं केलं. त्यांची अब्रू राहिली आणि तुझी राहिली. नाहीतर दहा वर्षं बायका तुम्हा दोघांना चघळत बसल्या असत्या. हे चूक असेल तर तसं लिही. काहीतरी लिही.

रत्नम्मा


अकलूज,
१८ एप्रिल १९७४

अक्का,

तुझी आठही पत्रं माझ्याकडे आहेत. रविवारपर्यंत त्यांतलं एकही उघडलं नव्हतं. त्यांत तू किती माफ्या मागितल्या असतील ते मला नको होतं. धान्याच्या डब्यामागं ठेवली होती. ह्यांना ठाऊक आहे. ह्यांना सगळंच ठाऊक आहे, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मीच सांगितलं. हे म्हणाले, जेवून घे. एवढंच म्हणाले. माणूस चांगला आहे. त्यांच्याविषयी पुन्हा थट्टेनं लिहू नकोस.

रेडिओचं ह्यांनाच कळलं, कारखान्यात कुणी तरी सांगितलं की सोलापूरच्या विडीवाल्या बायकांचं गाणं लागणार. शेजाऱ्यांचा रेडिओ हे स्वतः मागून घेऊन आले, खिडकीत ठेवला आणि लेकीला घेऊन बाहेर गेले.

मी एकटी बसले. दहा वर्षांनी तुमचे आवाज ऐकले. रंभाबाई म्हातारी झाली. तुझा आवाज तसाच आहे. एकेक कडवं होत गेलं आणि मी वाट बघत राहिले, आता येईल, आता येईल. भावाचं काही तरी म्हटलंत. मग बाई म्हणाली, कार्यक्रम संपला. मी रेडिओ तसाच सुरू ठेवला, मला वाटलं अजून काही राहिलं असेल.

मग उठून तुझी पत्रं काढली. पहिल्यापासून सगळी वाचली. ते गेल्याचं मला तुझ्या आठव्या पत्रात कळलं.

अक्का, माझ्याकडे त्यांचं काही नाही. फोटो नाही, चिठ्ठी नाही. चेहरा तीन-चार वर्षांपूर्वीच पुसला गेला, हसताना काय व्हायचं तेवढं आठवतं. आम्ही दोघं कधी होतो हे सांगणारी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे तू माझ्यावर म्हटलेलं ते कडवं. ते तू कशासाठी म्हटलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. लग्न लागताना कळलं होतं. त्याचा राग मी किती दिवस केला असता? पाणी घेतलं नाही ते त्या रागानं नव्हे. रंभाबाईनं तेव्हा ओट्यावर माझ्या कानात सांगितलं, तुझ्या अक्कानं ते कडवं बंद करून टाकलं, आता कुणी म्हणत नाही. म्हणून घेतलं नाही.

एकदा तू मला बाजारात मांडलंस. ते मी सोसलं. नंतर तू आम्हाला पुसून काढलंस, आणि त्याला उपकार म्हणतेस. त्यांनी मरताना मागितलं तेही त्यांना मिळालं नाही.

मला एवढंच येतं: ‘सोमवारच्या झोळीमंदी पिठाखाली गूळ गं’. तू ही ओळ म्हटलीस आणि माझ्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. दुसरी ओळ मला ऐकूच आली नाही. दहा वर्षं मी मनात निरनिराळ्या ओळी लावून बघते. कधी वाटतं त्यात त्यांच्या हसण्याचं काही असेल.

दुसरी ओळ लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस.

रुद्राणी


सोलापूर,
२४ एप्रिल १९७४

रुद्राणी,

बाकी काही लिहू नकोस म्हणालीस, पण थोडं लिहिल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही.

तुझं पत्र मी शेडमध्ये वाचलं. मोठ्यानं नाही वाचलं, पण रंभाबाईनं माझं तोंड बघून सूप खाली ठेवलं. मी तिला सांगितलं, रुद्रीला दुसरी ओळ पाहिजे. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, “न्हाई गं लेकी. ती न्हाई.”

तीन दिवस मी दुसऱ्या ओळी जुळवत होते. मला येतं ते, तुला ठाऊक आहे. एक तर फार चांगली झाली होती. त्यात गुळाला यमक म्हणून मूळ होतं आणि जन्माची ओढ होती, तू वाचून रडली असतीस आणि मला क्षमा केली असतीस. पोस्टात जायला लुगडं बदललं होतं मी. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. रेडिओवर भाऊ घातला तसा तुझ्या घरात खोटा माणूस घालायचा माझा हात धजला नाही. खोट्या ओळीला तू जन्मभर छातीशी धरलं असतंस.

म्हणून ऐक. ते दुःखाचं कडवं नव्हतं. मी सुरात गायले होते, पण ते चेष्टेचं होतं. तुला काही ऐकू आलं नाही, कारण सगळी शेड हसली होती. रंभाबाई हसली नाही, बाकी सगळ्या हसल्या. सुंदरम्मा आत्याला गूळ कळला नसता, तिला तो हसण्याचा आवाज कळला. शपथ घातली ती तुमच्या अब्रूसाठी नव्हती, हेही आता लिहून टाकते. मला तो हशा पुन्हा ऐकायचा नव्हता. भिंतीकडून जे येतं ते गुणगुणणं नाही, रुद्री. हशा आहे. मी तुला आणि स्वतःला सांगताना ते गोड करून सांगितलं.

काल मी रंभाबाईला विचारलं, स्वामींनी कडवं मागितलं तेव्हा त्यांना दुसरी ओळ ठाऊक होती का? ती म्हणाली, “ठाव नसंल व्हय? भिक्षेला गेलं की गल्लीतली पोरं मागनं हीच वळ म्हनायची. त्येंना तिकडं धाडलं तवर रोज म्हनायची.” म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मागितलं. ते का मागितलं असेल ते मला सांगता येत नाही. तुला कदाचित येईल.

शपथ मी सोडवली आहे. आज दुपारी शेडमध्ये सगळ्यांदेखत सोडवली. पण म्हणायचं की नाही ते तू ठरव. तुझी मान हलेपर्यंत कुणी तोंड उघडणार नाही, मी तर नाहीच.

हे वाचल्यावर आणखी दहा वर्षं बोलली नाहीस तरी चालेल. जशी म्हटली तशी लिहिते, एक अक्षर बदललेलं नाही.

‘सोमवारच्या झोळीमंदी पिठाखाली गूळ गं,
बोटं चाटी सामी बाई, पोरीला त्या खूळ गं.’

रत्नम्मा